पाणी जिथून दोन वाटांनी जातं

वाशीम जिल्हा एस.टी.च्या खिडकीतून पाहिला तर सपाट वाटतो. सोयाबीन, तूर, हरभरा, मधूनच एखादा संत्र्याचा बगीचा, पुन्हा सोयाबीन. गाडी पन्नास-साठच्या वेगाने जात असताना जमीन कुठे चढते आणि कुठे उतरते, हे प्रवाशाला कळत नाही. सायकलीवर बसलं की पहिल्या तासातच मांड्यांना कळतं. इथली जमीन लाटांनी चढते. एक टेकाड ओलांडलं की नाला, नाल्यावरचा पूल, पुन्हा लांबलचक चढ. अकोला समुद्रसपाटीपासून साधारण २८० मीटर उंचीवर, तर वाशीम साडेपाचशेच्या आसपास. म्हणजे आपण एका पठाराच्या माथ्यावर फिरत असतो, फक्त माथा इतका ऐसपैस आहे की तो माथा आहे हे विसरायला होतं.

वऱ्हाडाचे जुने दोन भाग होते: पूर्णेच्या खोऱ्यातला सखल तो पयानघाट आणि घाट चढून आल्यावरचा तो बालाघाट. वाशीम बालाघाटात. इंग्रजांच्या काळी ‘बासिम’ या नावाचा स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ साली तो मोडला आणि वाशीम अकोल्याला जोडलं गेलं. १ जुलै १९९८ ला ते पुन्हा जिल्हा झालं. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा असे सहा तालुके. सहाही तालुके पायाखाली घालायचे तर एक हिवाळा पुरत नाही. मी इथे सांगतोय ते मुख्यत्वे वाशीम आणि मालेगाव तालुक्यांतल्या शिवाराबद्दल, आणि थोडं कारंज्याबद्दल.

फिरायला उत्तम काळ म्हणजे दिवाळीनंतर ते महाशिवरात्रीपर्यंत. पावसाळ्यात इथली काळी माती चाकाला अशी धरते की मडगार्डमध्ये चिखल भरून सायकल खांद्यावर घ्यावी लागते, आणि चैत्रानंतर दहा वाजता ऊन डोक्यात जातं. मार्गशीर्षात मात्र सोयाबीनची सोंगणी आणि मळणी उरकलेली असते, वावरात कुटाराच्या गंज्या उभ्या असतात, तूर शेंगांवर आलेली असते आणि हरभरा घोट्याएवढा झालेला असतो. सायकल साधी चालते, गिअरची असली तर चढाला सुख. पंक्चरचं सामान आणि हवेचा पंप मात्र हवाच, कारण धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या, बाभळी शेतकरी छाटतात आणि काटे वाटेवर पडतात. पाण्याच्या दोन बाटल्या पुरतात. शेतात मोटार चालू दिसली की विचारून भरून घ्याव्या. आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही.

सुरुवात वाशीम गावातूनच करावी, तीही पहाटे, पद्मतीर्थाच्या तळ्यापासून. या गावाचं जुनं नाव वत्सगुल्म. वाकाटकांच्या दोन शाखांपैकी एकीची ही राजधानी. सर्वसेन राजाने ती शाखा स्थापन केली. त्याचा मुलगा दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट १९३९ साली वाशीमला सापडला. त्याचा सुरुवातीचा वंशावळीचा भाग संस्कृतात आणि पुढचा दानाचा तपशील प्राकृतात आहे, आणि दान दिलेलं गाव नांदीकड म्हणजे आजच्या नांदेडच्या बाजूचं. याच शाखेतला हरिषेण हा अजिंठ्याच्या शेवटच्या वैभवाच्या काळातला राजा. सोळा क्रमांकाचं लेणं त्याचा मंत्री वराहदेव याने कोरवून घेतलं, असं तिथला शिलालेख सांगतो. भास्कराचार्यांच्या ‘करणकुतूहल’ या ग्रंथात लंकेपासून मेरूपर्यंतच्या मध्यरेखेवरची जी गावं दिली आहेत, त्यांत उज्जयिनीबरोबर वत्सगुल्मही आहे. गावातलं मध्यमेश्वराचं देऊळ याच मध्यरेखेवर आहे अशी इथली श्रद्धा. एवढ्या मोठ्या नावाच्या गावात आज वाकाटकांची एकही इमारत उभी नाही. आहे तो बालाजीचा देखणा मंदिर परिसर, तो भोसल्यांच्या काळातला, दिवाण भवानी काळू यांनी बांधवलेला. पण तळ्याच्या पायऱ्यांवर सकाळी बसलं आणि इथून अजिंठ्याच्या डोंगरापर्यंत माणसं पायी जात असतील हे मनात आणलं, की सायकलीवरचे वीस-तीस किलोमीटर हलके वाटायला लागतात.

गावाबाहेर पडताना अकोला-नांदेड महामार्ग, म्हणजे १६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग, टाळावा. तो आता चौपदरी आहे आणि तिथे सायकलस्वाराला बघण्यासारखं काही नाही, धोका मात्र आहे. खेड्यांना जोडणारे अरुंद डांबरी रस्ते धरून काटा या गावाकडे निघावं. सकाळी सातला निघालं तर न्याहारीच्या वेळेला आरामात पोचता येतं. रस्त्यात दुधाच्या कॅना लावलेल्या मोटारसायकली समोरून येतात, शाळेच्या गणवेशातली पोरं सायकलीवरून शर्यत लावतात, आणि पारावर बसलेलं कुणीतरी हमखास हात करून थांबवतं.

काट्याला पोचल्यावर सायकल गावात कुणाच्या तरी अंगणात लावून पुढे पायी जावं, कारण इथून पुढचं सांगणं पायांचंच आहे. गावातून शिवाराकडे जाणारी पांदण धरायची. पांदण म्हणजे दोन्ही बाजूंच्या शेतांपेक्षा खाली गेलेली बैलगाडीची वाट. पिढ्यान्‌पिढ्या चाकांनी आणि पावसाच्या पाण्याने ती कोरली जाते. काही ठिकाणी आपण छातीएवढ्या खोल घळीतून चालत असतो आणि शेताची मुळं डोळ्यांसमोर येतात. ही जागा मला फार आवडते. पांदणीच्या कडेला जमीन जणू उभी कापून ठेवलेली असते: वर हात-दीड हात काळी माती, सुकून भेगाळलेली. तिच्या खाली चुनखडीचे पांढरे खडे मिसळलेला पिवळसर थर. त्याखाली मुरूम, बोटाने टोकरला तर सुटणारा. आणि नाल्याच्या तळाशी गेलं की काळा कातळ. हा बेसॉल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे हे थर झिजून वरची काळी माती झाली. काळ्या मातीची जाडी दहा पावलांत बदलते. टेकाडाच्या माथ्यावर ती टीचभर असते, तिला शेतकरी बरड म्हणतात आणि तिथे सोयाबीन गुडघ्याच्याही खाली राहतं. नाल्याकाठी तीच माती पुरुषभर खोल असते आणि हरभरा नुसत्या ओलीवर येतो. एकाच शेतकऱ्याच्या सात-बारावर दोन्ही प्रकारची जमीन असू शकते, म्हणून त्याला ‘एकरी किती झालं’ असं सरसकट विचारण्यात अर्थ नसतो.

पांदणीच्या दोन्ही काठांवर निंब, बाभूळ, बोर, हिवर, मधूनच पळस. खाली तरोटा वाळून खडखडत असतो. सकाळी तितर ओरडतात. शेतातल्या मचाणावर रात्रीच्या जागलीचं घोंगडं अजून तसंच पडलेलं असतं, कारण रोही आणि रानडुकरं रात्रीत हरभऱ्याचा तुकडाच्या तुकडा साफ करतात. धुऱ्याला जुन्या साड्या बांधलेल्या दिसतात, त्या याचसाठी. शहरातल्या माणसाला त्या रंगीत साड्या छान वाटतात. त्यांच्यामागे कुणाची तरी झोपमोड आहे.

चढ संपतो तिथे एक शेत लागतं. तिथे तूर राखायला बसलेले एक आजोबा भेटले. आम्ही नदीचा उगम बघायला आलोय म्हटल्यावर त्यांनी आधी ओला हरभरा उपटून हातात दिला आणि मग काठीने दाखवायला सुरुवात केली.

“हे पाहा भाऊ, हा धुरा. धुऱ्याच्या इकडलं पाणी पुसात जाते. तिकडलं काटेपूर्णेत. तिकडलं अकोल्यावाले पेतात.”

“आणि धुऱ्यावर पडलेलं?”

“ते आमचं,” आजोबा म्हणाले, आणि हसले. “त्याच्यावरच तूर हाय.”

काटेपूर्णा आणि पूस या दोन्ही नद्या काटा गावाच्या परिसरात उगम पावतात. काटेपूर्णेच्या तर नावातच गाव आहे. उगम म्हटल्यावर गोमुख, कुंड, देऊळ असं काही डोळ्यांसमोर येत असेल तर ते बाजूला ठेवावं. इथे शेताच्या खोलगट कडेने पाण्याची वाट सुरू होते, दोन-तीन शेतं ओलांडली की तिचा ओहोळ होतो, मग नाला. हिवाळ्यात पाणी फक्त डबक्यांतून. पण उत्तरेच्या बाजूला उतरलेला थेंब काटेपूर्णेबरोबर घाट उतरतो, काटेपूर्णा अभयारण्याच्या जंगलातून महानच्या धरणात थांबतो, तिथून अकोल्याच्या नळांना जातो किंवा पुढे पूर्णेला मिळून तापीतून सुरतेजवळ अरबी समुद्र गाठतो. दक्षिणेला उतरलेला थेंब पुसेबरोबर पुसदला जातो, हिवरा संगमला पैनगंगेत पडतो, मग वर्धा, प्राणहिता, गोदावरी असं करत बंगालच्या उपसागराला पोचतो. अरुणावती आणि अडाण याही नद्या याच पठारावरून निघून पैनगंगेकडे जातात. वाशीम जिल्हा म्हणजे घराचं आढं आहे. पाऊस एकच पडतो, पण कुठल्या पाख्यावर पडला यावर त्याचा सगळा पुढचा प्रवास ठरतो.

या जिल्ह्यात पाण्याची ओढ का, याचं उत्तरही इथेच उभं राहून मिळतं. आढ्यावर पाणी थांबत नाही. पाऊस तसा बरा पडतो, पण मोठी नदी इथून सुरू होते, इथून जात नाही. जिल्ह्याची खरी मोठी नदी पैनगंगा, आणि तीही रिसोड तालुक्यातून येऊन पुढे हिंगोलीच्या सीमेवरून वाहते. त्यामुळे शेततळी, नाला खोलीकरण, सिमेंटचे बंधारे, गावतळी, ही सगळी कामं इथे जीवनमरणाची आहेत. पायी चालताना असे बंधारे पावलोपावली लागतात. कुठे गाळाने भरलेले, कुठे काठोकाठ. ज्या गावाने गाळ काढून शेतात टाकला त्या गावाचा हरभरा नजरेला वेगळा दिसतो. वाशीम शहराला पाणी देणारं चंद्रभागा नदीवरचं एकबुर्जीचं धरणही संध्याकाळच्या फेरीत पाहून घ्यावं. हिवाळ्यात तिथे चक्रवाकांच्या जोड्या उतरतात.

आता पांदणीबद्दल थोडं सविस्तर, कारण पायी फिरणाऱ्याची सगळी भिस्त तिच्यावर आहे. इंग्लंडमधल्या खेड्यांभोवती शेताशेतांतून जाणाऱ्या पायवाटा तिथले लोक अभिमानाने चालतात. १९४९ च्या कायद्याने तिथे अशा वाटांची नोंद करून अधिकृत नकाशे बनवायला सुरुवात झाली, आणि नकाशावर वाट असली तर शेतमालकाला ती बंद करता येत नाही. आपल्याकडे असं काही नाही असा अनेकांचा समज आहे, तो चुकीचा आहे. आपल्या प्रत्येक गावाचा नकाशा भूमी अभिलेख खात्याकडे आहे आणि त्यावर गाडीवाट दुहेरी तुटक रेषेने, पायवाट एकेरी तुटक रेषेने काढलेली असते. या वाटा गावाच्या आहेत. कुणी वाट अडवली तर १९०६ च्या मामलतदार न्यायालय अधिनियमाच्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे दाद मागता येते. शेतात जायला वाटच नसेल तर १९६६ च्या जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ प्रमाणे बांधावरून रस्ता मागता येतो. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये पाणंद रस्त्यांसाठी मातोश्री ग्रामसमृद्धी योजनेचा शासन निर्णयही निघाला. तरी शिवारात चालताना दिसतं ते असं: पांदण निम्मी नांगरून घेतलेली, उरलेल्या निम्म्यात तणकट आणि काटेरी झुडपं, आणि पावसाळ्यात त्या पट्ट्यातली दहा-पंधरा शेतं तुटलेली. सोंगलेलं सोयाबीन अशा वाटेवर अडकलं, वरून परतीचा पाऊस आला, की शेंगांना कोंब फुटतात. म्हणून पांदणीच्या भांडणांत डोकी फुटतात. आम्हा फिरणाऱ्यांना हौस म्हणून लागणारी वाट शेतकऱ्याला पोटासाठी लागते, आणि दोघांचं हित एकच आहे. गावनकाशाची प्रत काढून, वाट चालून, ती कुठे मोडली आहे ते ग्रामसभेत सांगणं हे कोणत्याही गावातल्या तरुणांना करता येईल. मला हे काम गड-किल्ल्यांच्या मोहिमांइतकंच मोलाचं वाटतं.

काट्यावरून परतून दुसऱ्या दिवशी शिरपूरला जावं. मालेगाव तालुक्यातलं हे गाव जैनांचं मोठं तीर्थ. इथली अंतरिक्ष पार्श्वनाथांची काळी मूर्ती जमिनीला न टेकता अधांतरी आहे, अशी भाविकांची श्रद्धा. एलिचपूरच्या एल राजाचा त्वचारोग इथल्या पाण्याने बरा झाला आणि मग त्याला ही मूर्ती मिळाली, अशी कथा सांगतात. दिगंबर आणि श्वेतांबर पंथांतल्या वादामुळे १९८१ पासून मूर्तीचं दर्शन बंद होतं. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर मार्च २०२३ मध्ये ते पुन्हा खुलं झालं. गावाबाहेरचं पवळी मंदिर न चुकता पाहावं. दगडी, हेमाडपंती, तारकाकृती तळाचं. भिंतीवरून हात फिरवला तर पांदणीच्या तळाशी दिसलेला तोच काळा कातळ इथे वेलबुट्टी होऊन भेटतो. शिरपुरातच जानगीर महाराजांचं संस्थान आहे आणि महाशिवरात्रीला तिथे मोठा महाप्रसाद होतो. शिरपूर ते रिसोड या पट्ट्यात हळदीचे आणि कांद्याच्या बियाण्याचे प्लॉट दिसतात. माघ-फाल्गुनात कांद्याचे पांढरे गोंडे फुलले की त्यावर मधमाश्यांचा आवाज रस्त्यापर्यंत ऐकू येतो. बियाण्याचं पीक माश्यांच्या परागीभवनावर अवलंबून असल्यामुळे समजदार शेतकरी त्या दिवसांत फवारणी टाळतात.

दुपारचं जेवण म्हणाल तर या दिवसांत तुरीच्या सोल्यांची आमटी, ज्वारीची भाकर आणि ठेचा मागून घ्यावा. खानावळीत मिळेलच असं नाही, घरी बोलावणाऱ्याला नाही म्हणू नये.

कारंजा वाशीमपासून लांब आहे, एका दिवसात सायकलने जाऊन येणं ज्याच्या त्याच्या तब्येतीवर. आम्ही मंगरूळपीरला, हयात कलंदरांच्या दर्ग्याच्या गावी, मुक्काम करून गेलो. वाटेत समृद्धी महामार्गाच्या खालून जावं लागतं. वरून गाड्या सुसाट, खालून बैलगाडी. त्या रस्त्यावर सायकलीला बंदीच आहे, पण तो ओलांडताना प्रत्येक वेळी जुनी वाट बोगद्यापर्यंत वळवलेली दिसते, आणि एखाद्या शेतकऱ्याचं पलीकडचं शेत आता किती लांब पडलं हे लक्षात येतं.

कारंजा म्हणजे नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान, आणि तिथल्या जैन मंदिरांची हस्तलिखितांची भांडारं अपभ्रंश भाषेच्या अभ्यासकांना जगभर माहीत आहेत. पण मी गेलो तो गवतासाठी. कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्य २००० साली जाहीर झालं, क्षेत्र जेमतेम १८ चौरस किलोमीटर. इथे उंच झाडी नाही, जंगल म्हणून कुणी ओळखणारही नाही. पिवळं गवत, मुरमाड उतार, तुरळक बोरी-बाभळी. सरकारी कागदांवर अशा जमिनी वर्षानुवर्षं ‘पडीक’ म्हणून लिहिल्या गेल्या. प्रत्यक्षात गवत हेच इथलं जंगल. सकाळच्या कोवळ्या उन्हात कळप दिसला: विटकरी रंगाच्या माद्या आणि त्यांच्यात एक पूर्ण वाढलेला नर, पाठ काळीभोर, पोट पांढरं, शिंगांना पीळ. माणसाची चाहूल लागताच एक मादी जागच्या जागी उंच उडाली, तिच्यामागे दुसरी, आणि मग सगळा कळप उड्या घेत धावला. या उडीने ती बाकीच्यांना सावध करतात. सायकल खाली ठेवून गवतात बसून राहिलं तर पुन्हा जवळ येतात. चालत्या माणसापासून मात्र अंतर राखून असतात. याच टापूत, अकोला-वाशीमच्या माळांवर, तणमोर हा अतिशय दुर्मीळ पक्षी पावसाळ्यात येतो आणि फासेपारधी समाजातल्या लोकांनी त्याच्या नोंदी ठेवण्याचं आणि माळ राखण्याचं काम केलं आहे. गवत कसं ओळखावं, कुठलं जनावर कुठल्या वेळी कुठे असतं, हे ज्ञान त्यांच्याकडे पिढ्यांचं आहे.

कारंज्याहून परतताना ‘शकुंतला’ रेल्वेच्या रुळांवरून थोडं चालावं. मूर्तिजापूर ते यवतमाळ ही अडीच फुटी रुळांची गाडी कारंज्यावरून जायची. किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीने कापूस बाहेर नेण्यासाठी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ही लाइन टाकली. गाडी बंद पडून आता बरीच वर्षं झाली आणि रुळांमध्ये गवत माजलं आहे, पण भराव टिकून आहे. कापूस गेला, सोयाबीन आलं, मालवाहतूक ट्रकवर गेली. हा भराव सायकल आणि पायी वाट म्हणून राखला तर कारंजा ते मूर्तिजापूर फारशा चढ-उताराविना जाता येईल, कारण रेल्वेवाल्यांनी सगळ्यात कमी चढ शोधूनच लाइन नेली होती. गाडी पुन्हा सुरू व्हावी अशी इथल्या लोकांची मागणी आहे, आणि ती मान्य झाली तर मला अधिक आनंद होईल.

पठाराचा खरा अंदाज घ्यायचा तर शेवटी मालेगावहून मेडशीमार्गे पातूरचा घाट उतरावा. महामार्गाच्या वाहतुकीमुळे तो रविवारी भल्या पहाटेच उतरावा, हेल्मेट आणि मागचा दिवा लावून. मेडशीच्या पुढे शेतं संपतात, सागाचं जंगल सुरू होतं आणि रस्ता वळणं घेत खाली जातो. काट्याच्या शेतातून दोन दिवस चढून मिळवलेली उंची इथे काही किलोमीटरमध्ये संपते. घाटातला नाला आता उत्तरेला, आपल्याच दिशेने वाहत असतो. पातूरला चहा घेतला की अकोल्याला जाणाऱ्या गाड्या मिळतात. सायकल टपावर टाकायची की नाही हे वाहकाला विचारून ठरवावं, नाहीतर पुढचा सगळा रस्ता उताराचा आणि सपाटीचा आहे. पुढल्या मार्गशीर्षात दुसरा पाखा धरायचं आमचं ठरलं आहे: काट्याहून पुसेच्या काठाने पुसद, तिथून हिवरा संगम. पांदणी किती शाबूत आहेत त्यावर मुक्काम ठरतील, म्हणून सध्या त्या वाटेवरच्या गावांचे गावनकाशे गोळा करणं चालू आहे.